दांडा माझा, पाणी खाजाभाईचं

कुऱ्हाडीला दांडा बसवायला मला अर्धा तास लागतो. जुना दांडा कसा मोडला हे ऐकायला मात्र दीड तास! सायकलचं पंक्चर काढायला आलेला माणूस सायकल टेकवून गप उभा राहतो. कुऱ्हाड घेऊन आलेला माणूस कधी गप बसत नाही. कुणाच्या शेतात, कोणत्या लाकडावर, कुणाच्या चुकीनं मोडला, आणि चूक नेहमी दुसऱ्याचीच, हे सगळं सांगितल्याशिवाय तो कुऱ्हाड खाली ठेवत नाही. असे किस्से आमच्याकडं इतके साठलेत की एखाद्या दिवशी गिऱ्हाईक आलं नाही तर आम्हीच एकमेकांना जुने सांगत बसतो.

आम्ही म्हणजे दोघं. मी आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवून रिटायर झालो. निम्मी नोकरी लातूरकडं, निम्मी नांदेडकडं. रिटायर झाल्यावर बायको आठ दिवसांत म्हणाली, "घरात बसून मला अक्कल शिकवू नका. कुठंतरी जावा." म्हणून देगलूरच्या मोंढ्यामागं, म्हणजे धान्याच्या बाजारामागं, खाजाभाई लोहाराच्या पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन बसलो, तो आजपर्यंत तिथंच आहे.

कामाची वाटणी सरळ आहे. लाकूड माझं, लोखंड त्याचं. दांडा तासायचा, बसवायचा, वरून पाचर मारायची, हे मी करतो. पातं तापवायचं, ठोकायचं आणि त्याला पाणी द्यायचं, हे खाजाभाई. पाणी देणं म्हणजे तापलेलं पोलाद विझवून त्याला बरोब्बर हवा तेवढा कडकपणा आणणं. ते साधलं तर धार सहा महिने टिकते, बिघडलं तर सहा दिवस. माझ्या हातचा दांडा निसटला असं या तालुक्यात कुणी म्हणून दाखवावं! आणि खाजाभाईच्या पाण्याबद्दल तर बोलायचंच काम नाही.

*

गुंडेराव नावाचे एक पाव्हणे आमच्याकडं यायचे, पण काम करून घ्यायला नाही, आमचं काम किती फालतू आहे हे सांगायला.

"मास्तर, तुमच्या पाचरीची काय गरजच न्हाई. आपलं सोप्पं हाय. सांजच्याला कुऱ्हाड हौदात बुडवायची. लाकूड फुगतं, दांडा घट्ट! तीन वर्षं झाली, हललाय का बघा."

मी म्हणलं, "गुंडेराव, फुगलेलं लाकूड वाळलं की आधीपेक्षा बारीक होतं. एक दिवस पातं उडंल आणि कुणाच्यातरी टाळक्यात बसंल."

"आमच्या आज्यापासून बुडवून राहिलो आम्ही!"

आज्या निघाला की मी वाद घालत नाही. आज्याला कोण हरवणार?

मग भर उन्हाळ्यात त्यांच्या पुतणीचं लग्न निघालं. कुऱ्हाड आचाऱ्याला दिली लाकडं फोडायला. आचाऱ्याला काय माहीत तिला रोज अंघोळ लागते! तीन दिवस ती मांडवाबाहेर उन्हात पडली. चौथ्या दिवशी त्यानं जोरात उगारली, तर दांडा हातात राहिला आणि पातं गेलं थेट वरणाच्या पातेल्यात. नशीब, कुणाला लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी गुंडेराव कुऱ्हाड घेऊन आमच्या दारात उभे. पातं हळदीनं पिवळंजर्द झालेलं. खाजाभाईनं विचारलं, "आचारी क्या बोला?"

गुंडेराव खाली बघत म्हणाले, "म्हणला, पाव्हणं, मी फोडणी आधीच दिली होती!"

*

बिलोलीकडच्या दोन भावांची गोष्ट. सकाळी थोरला आला, हातात नुसतं पातं. म्हणाला, "ह्याला नवा दांडा बसवा." दुपारी धाकटा आला, हातात नुसता दांडा. म्हणाला, "ह्याला नवं पातं बसवा."

मी दांडा बघितला, पातं बघितलं. पात्याच्या भोकाला आम्ही नेढं म्हणतो. त्या नेढ्यात तो दांडा असा बसला की वाराही आत जाईना. एकाच कुऱ्हाडीची वाटणी झालेली! शेत झालं, बैल झाले, भांडी झाली, कुऱ्हाड एकच होती म्हणून पंचांनी ती अशी वाटली होती. धन्य ते पंच!

खाजाभाई म्हणाला, "मास्टर, दोघांनाबी बोलव. फुकटात जोडून देऊ." पण दोघंही ऐकेनात. थोरला म्हणे, "माझ्या वाट्याला खरी कुऱ्हाड आली, ते नुसतं लाकूड हाय." धाकटा म्हणे, "वडिलांचा हात दांड्यावर होता, पात्यावर न्हवता." खरं सांगू, मला दोघांचंही पटलं.

शेवटी दोन कुऱ्हाडी केल्या. न्यायला दोघं एकाच दिवशी आले, सोबत त्यांची म्हातारी आई. भाऊ एकमेकांकडं बघेनात. म्हातारीनं दोन्ही कुऱ्हाडी हातात घेऊन तोलून बघितल्या आणि म्हणाली, "झाल्या दोन? लई चांगलं झालं. इतकी वर्षं लाकडं मीच फोडून राहिले. आता दोघांनी माझी चूल वाटून घ्या!"

*

खंडेनवमीला आम्ही सगळी हत्यारं धुऊन-पुसून मांडतो, हळद-कुंकू लावतो, झेंडूचं फूल ठेवतो. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही. हा नियम माझ्यापेक्षा खाजाभाई कडक पाळतो. त्याच्या बापापासून चालत आलेलं आहे म्हणे. फुलं तोच आणतो, आणि मी कानस हातात घेतली तर माझ्यावर डोळे वटारतो.

एका खंडेनवमीला एक माणूस धावतपळत आला. वाटेवर झाड पडलं होतं आणि त्याच्या कुऱ्हाडीच्या दांड्याचे दोन तुकडे झाले होते. मला वाटलं, अडलेला माणूस आहे, बसवून देऊ. मी उठलो तर खाजाभाईनं हात आडवा घातला.

"आज नक्को."

तो माणूस म्हणाला, "अहो, सगळी दुकानं बंद हायेत म्हणून तर हिकडं आलो! म्हणलं, खाजाभाईला कशाची सुट्टी?"

खाजाभाई म्हणाला, "अरे बाबा, सुट्टी माझी न्हाई, हत्याराची हाय!"

मग स्वतःच त्या माणसासोबत गेला. आठ-दहा जणांना गोळा केलं, दोरखंड लावला आणि ते झाड ओढून बाजूला करून आला. हत्याराला हात नाही लावला.

*

अहमदपूरचा एक पोरगा पुण्याला कंपनीत इंजिनिअर आहे. गाडीत आईला घेऊन आला, वडिलांची कुऱ्हाड पेपरात गुंडाळून. म्हणाला, "सर, हिला रिस्टोअर करायचंय. पण गंज थोडा तसाच ठेवा. दांड्याला भेगा पाहिजेत. व्हिंटेज लूक. आणि धार अजिबात नको, हॉलच्या भिंतीवर लावायची आहे."

मी खाजाभाईकडं बघितलं. त्याचा चेहरा असा, की कुणीतरी घोडा आणून सांगितलं याचे पाय तेवढे बांधून द्या.

"धार नको?" तो म्हणाला. "मग फोटो काढ की बाबा! कुऱ्हाडीला कशाला पुण्याला नेतो?"

पोरगा हसला, पण ऐकेना. आईला शेडमध्ये बसवून तो चहा सांगायला गेला. तेवढ्यात ती माउली खाजाभाईला हळूच म्हणाली, "दादा, धार लावा तुम्ही. त्याला काय कळतंय? त्याच्या बापानं कधी बोथट कुऱ्हाड घरात ठेवली न्हाई."

खाजाभाईनं अशी धार लावली की हातावरचे केस निघावेत. मी भेगा-बिगा काही ठेवल्या नाहीत, मला ते जमतच नाही. पोराला सांगितलं, वर लाव, हात लावू नको.

दिवाळीनंतर त्याचा फोन. मला वाटलं, झालं, कुणाचं तरी बोट गेलं! तर तो म्हणाला, "सर, आई राहायला आलीय. भिंतीवरची कुऱ्हाड काढून नारळ फोडती. आता अख्ख्या सोसायटीचे नारळ आमच्याकडं येतात. दुसरी एक मिळंल का, भिंतीसाठी?"

*

आता सोजरबाई. मला आयुष्यात दोनच माणसांनी कामातली चूक दाखवली. एक माझे गुरू, दुसरी ही.

सोजरबाई मजुरीनं लाकडं तोडते. बाभळीचं खोड असं फोडते की बघत राहावं. पन्नाशीची, काटक, बोलायला एकदम सडेतोड. तिच्या हातातली कुऱ्हाड तिच्या आईची. आईनंही आयुष्यभर तेच काम केलं. त्या कुऱ्हाडीवर लेकीला शिकवून नर्स केलं सोजरबाईनं. लेक मंगल नांदेडला डोळ्यांच्या दवाखान्यात आहे.

पहिल्यांदा आली तेव्हा "जय भीम मास्तर" म्हणून कुऱ्हाड पुढं केली. मी ऐटीत धावड्याचा दांडा बसवून दिला. तिनं दोनदा उगारली, खाली ठेवली. "काढा."

"का? काय झालं? धावडा आहे, पन्नास वर्षं काही होणार नाही!"

"लाकूड चांगलं हाय हो. पण दांडा तुमच्या उंचीचा हाय. काम मला करायचंय."

तीस वर्षं पोरांना एकच माप शिकवलं, बोर्डावर लिहून दिलं, परीक्षेत विचारलं. कुऱ्हाड चालवणारा माणूस केवढा आहे हे एकदाही विचारलं नव्हतं! तिनं दांडा काखेत धरला, बोटाच्या टोकाशी खूण केली आणि म्हणाली, "हितं कापा." कापला. तेव्हापासून मी आधी गिऱ्हाइकाचा हात मोजतो, मग दांडा.

*

मागल्या वर्षी सोजरबाईचा दांडा नेढ्यात मोडून अडकला. तिच्या दिरानं शहाणपणा केला. आत अडकलेलं लाकूड जाळून काढावं म्हणून अख्खं पातं चुलीत टाकलं. लाकूड जळालं, पण पात्याचं पाणीही उतरलं. पोलाद शेणासारखं मऊ झालं. ती पातं घेऊन आली ती थेट खाजाभाईपुढं.

"भाऊ, आईची हाय. हुईल का नीट?"

"होता कैसा नै? मी बसलोय ना!" खाजाभाई म्हणाला.

त्यानं पाणी दिलं. आठ दिवसांत ती परत आली, धारेला दाते पडलेले. पोलाद फार कडक राहिलं की ते असं काचेसारखं तुटतं. खाजाभाईनं बाभळीला दोष दिला. परत पाणी दिलं. परत दाते! त्याच महिन्यात आणखी चार कुऱ्हाडी तशाच परत आल्या. आमच्या शेडमध्ये असं कधी घडलं नव्हतं. चारही वेळा खाजाभाईनं लाकडाला शिव्या दिल्या आणि लाकूड माझं खातं असल्यामुळं मला राग आला.

इथं एक गोष्ट सांगायला पाहिजे. पाणी देताना पातं तापवून फक्त धारेकडून विझवतात. मग ती घासून चकचकीत करायची आणि मागची उष्णता धारेकडं सरकते तसे रंग बघत बसायचं. आधी गव्हाळ, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. कुऱ्हाड असेल तर जांभळ्यावर धरायची आणि अख्खी पाण्यात टाकायची. आधी टाकली तर धार तुटते, उशीर झाला तर वाकते. सगळा खेळ डोळ्याचा.

तिसऱ्यांदा दाते पडले तेव्हा सोजरबाई भांडली नाही. खाजाभाईसमोर येऊन बसली आणि पदर पुढं धरला.

"भाऊ, माझ्या लुगड्याचा रंग कंचा?"

"काळा."

"निळा हाय, भाऊ. जयंतीला घेतलं."

खाजाभाईनं पदर हातात धरून उन्हात नेला, परत आणला. मग खाली बसला. मोतीबिंदू पिकला होता. त्याला जांभळा दिसतच नव्हता. तपकिरी दिसला की तो अंदाजानं पातं पाण्यात टाकत होता, आणि हे त्यानं माझ्यापासूनही लपवलं होतं.

"ऑपरेशन कर," मी म्हणलं.

"नक्को मास्टर. माझ्या चाचाचा डोळा ऑपरेशनमध्येच गेला. आज थोडं तरी दिसून राहिलंय. तेवढंबी गेलं तर मी कोण? नुसता हातोडा उचलणारा म्हातारा!"

खाजाभाईला इतकं घाबरलेलं मी कधी बघितलं नव्हतं. मलाही भीती वाटली, खोटं कशाला बोलू! तो उठला तर शेडच उठलं.

मी सोजरबाईला बाजूला घेऊन म्हणलं, "उदगीरला एक चांगला लोहार आहे, त्याच्याकडून पाणी देऊन आणतो." तर ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "दुसऱ्याच्या हातचं पाणी नको. पातं हितंच राहू द्या. तवर मी उसनी कुऱ्हाड चालवीन. हाताला फोड आले तर भाऊला दाखवायला रोज येईन."

आणि खरंच यायची! रोज संध्याकाळी कामावरून जाताना दारात थांबायची, तळहात पुढं करायची, निघून जायची. बाराव्या दिवशी खाजाभाई माझ्यावर ओरडला, "मास्टर, नांदेडची गाडी किती वाजता हाय?"

*

दवाखान्यात मंगलनं सगळी सोय केली होती. "मामा, घाबरू नका, पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे," ती म्हणत होती. खाजाभाई घाबरला होता, पण ऑपरेशनच्या खोलीत शिरताना त्याची नजर त्या ट्रेमधल्या हत्यारांवर गेली आणि लोहार जागा झाला.

"डॉक्टरसाब, एक मिनिट. ह्याला धार कोण लावतं?"

डॉक्टर म्हणाले, "कंपनीतून येतात, आजोबा."

"बघू द्या जरा."

डॉक्टर म्हणाले, "आजोबा, तुम्हाला दिसत नाही म्हणून तर इथं आलात. आधी मी बघतो, मग तुम्ही बघा!"

दोन दिवसांनी तपासणीला गेलो तर यानं डॉक्टरांना खरंच आठवण करून दिली. डॉक्टरांनी एक पातं दाखवलं. खाजाभाईनं ते उजेडात धरलं, बराच वेळ बघितलं आणि माझ्या कानात म्हणाला, "मास्टर, चांगलं हाय. पण बाभळीवर टिकणार न्हाई."

*

डॉक्टरांनी दीड महिना आगीजवळ जाऊ दिलं नाही. दीड महिना खाजाभाई काळा चष्मा लावून शेडच्या बाहेर बसला आणि मला अक्कल शिकवली. माझ्या बायकोचं दुःख मला तेव्हा कळलं.

परवानगी मिळाली त्या सकाळी पहिलं पातं सोजरबाईचं काढलं. तिला निरोप दिला होता. ती कामाला खाडा करून आली, दाराशी उभी राहिली. तळहातावर पट्ट्या होत्या. मी तिच्या मापाचा दांडा तासून तयार ठेवला होता.

खाजाभाईनं पातं लाल केलं, धारेकडून विझवलं, घासून चकचकीत केलं. मग काळा चष्मा काढून खिशात टाकला आणि चिमट्यात पातं धरून बादलीवर उभा राहिला.

गव्हाळ आला. हात स्थिर. तपकिरी आला.

जांभळा आला.

"खाजाभाई, टाक!" मी म्हणलं.

तो हलला नाही.

"अरे टाक की!"

जांभळा सरकत सरकत धारेला लागला, आणि त्याच्या मागून निळा आला. अख्ख्या धारेवर पसरला. खाजाभाई बादलीवर तसाच उभा, तोंड उघडं, नव्या डोळ्यातून घळाघळा पाणी वाहतंय.

"या अल्ला," तो म्हणाला. "मास्टर... हा इतका निळा असतो?"

"गेलं की रे पाणी!" मी कपाळावर हात मारला. मला रागही आला आणि रडूही आलं. इतक्या दिवसांची उसनी कुऱ्हाड, हाताचे फोड, आणि हा रंग बघत उभा! सोजरबाईला काय तोंड दाखवायचं?

सोजरबाई दारातून आत आली. पदर सावरून त्या पात्यावर वाकली. निळा तोपर्यंत विरत चालला होता, राखाडी होत होता.

"परत तापवा, भाऊ," ती म्हणाली. "मला नीट दिसलं न्हाई."